उंबऱ्याची उंची

ऑफिसातल्या माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला कॉलेज विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. विचारलं, "मॅडम, तुमच्या घराचा उंबरा किती इंच?"

मला वाटलं, नव्या माणसाची घेतात तशी ही काहीतरी गंमत असणार. आम्ही दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या दाराला उंबरा आहे की नाही हेच मला आठवेना. मी म्हटलं, "सर, माहीत नाही."

"मग मोजून या उद्या."

मी मोजला. पाऊण इंच, काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, "तिसऱ्या मजल्याला पाऊण इंच पुष्कळ झाला," म्हणाले आणि पुढ्यातल्या कागदात पुन्हा डोकं घातलं.

ऑफिस कोणतं ते लिहीत नाही. ते परळमध्ये होतं आणि रस्ते, गटारं, फुटपाथ यांची कामं तिथून निघायची, एवढं पुरे. मी तिथे कंत्राटी ज्युनियर इंजिनीअर होते. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. ते उपअभियंता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. एखादं काम कसं करायचं, त्यात काय काय लागेल, हे ते एस्टिमेटमध्ये मांडायचे. त्यावरून टेंडर निघायचं आणि कंत्राटदार आपापले भाव भरायचे. ते हाताने लिहायचे, मी टाइप करून पोर्टलवर चढवायचे.

ते ड्रॉइंग टेबलावर कधी पाहत नसत. बूट काढून, जमिनीवर मांडी घालून, नकाशा फरशीवर पसरून पाहायचे. कोणी साहेब केबिनमध्ये आला की त्याला आधी हे दृश्य दिसायचं. "टेबलावरून रस्ता सपाट दिसतो हो," ते खालूनच सांगायचे. मलाही खाली बसावं लागे. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. दारातून शिपाई चहा घेऊन येई आणि आम्हा दोघांना ओलांडून जाई.

लाकडी घडीची फूटपट्टी ते पायमोज्यात खोचून ठेवत. खिशात का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खिशातली वस्तू माणूस विसरतो. पायाला टोचणारी विसरत नाही." बॅगेत पाण्याच्या दोन बाटल्या असत. एक प्यायची, एक रस्त्याची. नवीन जागी गेले की रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते दुसरी बाटली थोडी थोडी ओतत आणि ओघळ कुठे जातो ते पाहत. लालबागला एकदा एका दुकानदाराने हटकलं, "काका, काय पूजा चाललीय का? पाणी वाया घालवताय."

"वाया नाही. ह्याला विचारतोय, बाबा तू कुणाच्या घरात जाणार?"

"मग काय म्हणालं?"

"तुमच्या."

दुकानदार हसला. ते हसले नाहीत. पंधरा मिनिटं त्या माणसाला त्याच्याच दुकानासमोरचा उतार दाखवत राहिले. मी चार पावलं लांब उभी राहून फोनमध्ये काहीतरी पाहत असल्याचं दाखवत होते.

त्यांचं खरं वेड म्हणजे उंबरे. गिरणगावात रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुन्या थरावर नवा थर ओतायचा, अशी वर्षानुवर्षं रीत. खरवडून काढायला वेळ लागतो, राडारोडा वाहून न्यावा लागतो, त्यामुळे तेवढं सोडून दिलं जातं. दर वेळी रस्ता दोन-तीन इंच वर येतो आणि तळमजल्याच्या खोल्या आहेत तिथेच राहतात. ते कोणत्याही कामाआधी त्या गल्लीतल्या तळमजल्याच्या प्रत्येक दारापाशी जात, उकिडवे बसत आणि रस्त्यापासून उंबरा किती उंच आहे ते मोजत. आकडा वहीत. अशा त्यांच्याकडे पंचवीसेक वह्या होत्या. खोलीचा नंबर, घरातल्या सर्वात वयस्क बाईचं नाव आणि इंच. पुरुषांची नावं नसत. "पुरुष माणूस बदलीवर जातो, कामाला जातो, दारूला जातो. उंबऱ्याशी बाईच असते," हे त्यांचं कारण.

डिलाईल रोडच्या आत एक गल्ली आहे. दोन चाळी समोरासमोर, मध्ये जेमतेम टेम्पो जाईल एवढी वाट, आणि टोकाला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला उंच टॉवर. मी त्यांच्याबरोबर तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा तळमजल्यावरच्या एका आजी दारातच निवडण घेऊन बसल्या होत्या.

"इलात? मोजा, मोजा. दरवर्षी मोजतात, नि दरवर्षी आमी खाली खाली जातंव."

"आजी, तुम्ही खाली नाही गेलात. आम्ही वर आलो."

"मगे उतरा मां खाली!"

ते इतके मोठ्याने हसले की वरच्या गॅलरीतून लोक डोकावले. मग त्यांनी जुनी वही काढून आजींना दाखवली. याच दाराचा उंबरा पहिल्या वहीत चौदा इंच होता. आता चार.

आजींनी चहा केला आणि आत बोलावलं. ते आत गेले नाहीत, बाहेर पायरीवर बसून प्यायले. कुठल्याच घरात ते आत जात नसत. परत येताना मी विचारलं, असं का. ते म्हणाले, "आमच्या आजोबांना गावाला उंबऱ्यापर्यंतच येऊ द्यायचे. मला आता सगळे आत बोलावतात, तिथे काही तक्रार नाही. पण उंबरा बाहेरूनच नीट मोजता येतो." काँक्रीटला किती दिवस पाणी मारायचं ते सांगावं, त्याच आवाजात.

मी इंग्लिश मीडियमची. मराठी बोलते नीट, पण लिहिलेलं वाचताना तेव्हा अडखळायचे. रहिवाशांचे अर्ज मराठीत येत. मी ते भरभर नजरेखालून घालून, यात पाण्याची तक्रार आहे, असं सांगायचे. त्यांनी ते बंद केलं. रोज अकरा वाजता मला समोर बसवून अर्ज मोठ्याने वाचायला लावत, पत्त्यापासून सहीपर्यंत. स्वतः डोळे मिटून ऐकत. मी एखादं वाक्य गाळलं की डोळे न उघडता म्हणत, "मधलं काहीतरी राहिलं." ते कसं ओळखत, मला अजून माहीत नाही. सहा महिन्यांनी माझं अडखळणं थांबलं, आणि त्याच सुमाराला "मॅडम"ची "पोरी" झाली.

टेंडर उघडलं की सगळ्यांची नजर सर्वात कमी भावाकडे जायची. त्यांचीही जायची, पण वेगळ्या कारणाने. "स्वस्त कोणी नसतं, पोरी. कोणीतरी काहीतरी सोडलेलं असतं. काय सोडलं, तेवढं शोधायचं." म्हणून त्यांच्या प्रत्येक एस्टिमेटमध्ये ठरलेली एक बाब असे: जुना थर पूर्ण खोदून काढणे, आणि तयार रस्ता सर्वात खालच्या उंबऱ्याहून किमान सहा इंच खाली ठेवणे. कंत्राटदार तिला 'उंबरा आयटम' म्हणत. ऑफिसात आले की दारातूनच विचारत, "काय साहेब, उंबरा टाकलात का?"

"टाकलाय. तू ठेच खाऊ नको म्हणजे झालं."

बहुतेक वेळा ती बाब वरच्या टेबलावर कापली जाई. ते पुढच्या एस्टिमेटमध्ये पुन्हा घालत. चिडत नसत. एखादा माणूस रोज सकाळी न चुकता दाराशी पाणी घालतो, तसं.

एकदा आमच्या भागाच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचनांची सुनावणी होती. पुढच्या वीस वर्षांत कुठे काय वाढणार, त्याचा तो नकाशा. ते रजा टाकून, साधा नागरिक म्हणून गेले आणि मला म्हणाले, "चल, शिकायला मिळेल." चार तास बसून राहिल्यावर त्यांचा नंबर आला. दोन मिनिटं मिळतील, असं सांगितलं होतं. पुढे गेले, भिंतीवरच्या रंगीत नकाशाकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "साहेब, ह्यात उंची कुठेय?"

"म्हणजे? टॉवरची?"

"रस्त्याची. तुम्ही लांबी दाखवलीय, रुंदी दाखवलीय. पिवळ्यात माणसं राहणार, निळ्यात दुकानं. छान आहे. पण कोण कुणाच्या वर राहणार, ते कुठे लिहिलंय? ह्या टॉवरचं गेट जमिनीपासून तीन फूट वर आहे. उद्या रस्ता त्या गेटला नेऊन जोडाल. मग समोरची चाळ कुठे जाईल?"

"काका, तुमची नेमकी हरकत काय?"

"हरकत नाही. उंची पाहिजे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं, किंवा तसं दाखवलं. ते वह्यांची पिशवी सावरत परत आले तेव्हा मी दोन खुर्च्या सरकून बसले होते. आम्ही बरोबर आलो आहोत हे शेजारच्यांना कळू नये म्हणून. ते माझ्याकडे न पाहता थेट बाहेर गेले आणि गेटपाशी माझी वाट पाहत उभे राहिले. मला ते तेव्हाच लागायला हवं होतं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

आता एका टोकनबद्दल सांगायला हवं.

टेंडरचा कोणताही कागद पोर्टलवर चढवायचा तर अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते. ती एका छोट्या टोकनमध्ये असते, पेन ड्राइव्हसारख्या. ते कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड घालायचा, झाली सही. नियमाने ते ज्याचं त्याच्याकडे असायला हवं. पण आमच्याकडे सगळ्या साहेबांची टोकनं ज्युनियरच्या ड्रॉवरमध्ये असत, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. साहेब फिरतीवर असले तरी काम अडू नये म्हणून. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. त्यांचंही टोकन माझ्याकडेच होतं. फरक इतकाच, की ते आधी छापील प्रत मागून घेत, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक टिक करत, आणि मग म्हणत, "हं. आता कर माझी सही."

डिलाईल रोडच्या त्या गल्लीचं काँक्रीट करायचं टेंडर निघालं तेव्हा त्यात उंबऱ्याची बाब होती आणि या वेळी ती वरच्या टेबलावरूनही कापली न जाता आली होती. ते इतके खुश झाले की शिपायाला जिलबी आणायला पाठवलं. पण टेंडरला एकही भाव आला नाही. अरुंद गल्ली, खाली पाण्याच्या लाइनी, केबली. हाताने खोदायचं म्हणजे पावसाआधी संपणार नाही, असं कंत्राटदारांचं म्हणणं. दुसऱ्यांदा टेंडर काढलं. भाव भरण्याआधी कंत्राटदारांच्या शंका ऐकायची बैठक असते. ती नेमकी त्यांच्या रजेत आली. त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, शीवला.

बैठकीत कंत्राटदारांनी तेच पुन्हा सांगितलं. आमचे मोठे साहेब शांत माणूस, कधी आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "ह्या वेळी पण भाव आला नाही, तर काम पुढच्या वर्षावर जाईल. लोक खड्ड्यांतून चालतायत." मग मला म्हणाले, "शुद्धिपत्रक काढ. खोदाईची बाब वगळली. तयार रस्ता टोकाच्या गेटच्या पातळीला जुळवून घ्यावा, असं घाल."

"सरांना विचारू का?"

"मी बोलतो त्यांच्याशी. तू अपलोड कर. पाचला विंडो बंद होते."

साडेचार वाजले होते. मी शुद्धिपत्रक टाइप केलं. एक पान. फोन हातात घेतला, त्यांचा नंबर काढला. आत्ता ते हॉस्पिटलात असतील, त्यांच्या बाई ऑपरेशनला आत असतील, मोठे साहेब बोलतो म्हणालेत, असं सगळं मनात आलं. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे, की मला कुणालाच फोन करायला आवडत नाही. समोरचा काय म्हणेल याची मी आधीच उजळणी करते आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप असतं तर मी दोन ओळी पाठवल्या असत्या. नव्हतं. मी फोन खाली ठेवला, टोकन लावलं, पासवर्ड घातला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. त्या पानावर पेन्सिलची टिक नव्हती, एवढंच.

रजेवरून ते परत आले. मोठ्या साहेबांनी सांगितलं असेल, असं मी धरून चालले. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी विषय काढला नाही. पुढे भाव मोठ्या साहेबांकडेच उघडले, काम दिलं गेलं. प्रत्यक्ष कामावर देखरेख दुसऱ्या विभागाची होती आणि मध्ये त्यांच्याकडे शिवडीकडची कामं आली, त्यामुळे ते त्या गल्लीत गेले नाहीत. गल्ली लहान. जोडून आलेल्या सुट्ट्यांत दोन्ही टोकं बंद करून दोन दिवसांत काँक्रीट ओतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या नातवाचा त्यांना फोन आला. आम्ही दोघं गेलो.

त्या चाळीत तळमजल्याच्या प्रत्येक खोलीला लाकडी दारापुढे लोखंडी जाळीचा दरवाजा आहे. तो बाहेर उघडतो. काँक्रीट उंबऱ्याच्याही वर आलं होतं, त्यामुळे दरवाजे जागच्या जागी अडकले होते. कोणी वीतभर उघडत होता, कोणी अजिबात नाही. एक वेल्डर एकेका दरवाजाचा खालचा भाग कापत चालला होता. ज्यांचा नंबर यायचा होता ती माणसं जाळीच्या आत उभी होती. एक बाई आतून डबा बाहेर देत होत्या आणि त्यांचा नवरा बाहेरून घेत होता. तो आधीच बाहेर पडला होता की खिडकीतून, कोण जाणे. नळाला पाणी आलं होतं, आणि वरच्या मजल्यावरून सोडलेलं धुण्याचं पाणी शांतपणे, घाई न करता, एकेका खोलीत शिरत होतं.

आजी जाळीच्या आत स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"साहेबानु, तुमी असताना ह्या कसा झाला?"

ते खाली बसले. पायमोज्यातून पट्टी काढली. आजवर ते रस्त्यावरून वर मोजत आले होते. त्या दिवशी त्यांनी पट्टी रस्त्यावरून खाली सोडली. "उणे दोन," म्हणाले. त्यांच्या वहीत उणे आकडा कधी आला नव्हता. त्यांनी तो लिहिला, आणि पुढच्या दाराकडे सरकले. अकरा दारं मोजली. मग उठून मला म्हणाले, "टेंडर काढ बघू."

मी फोनवर काढलं. शुद्धिपत्रक सगळ्यात वर होतं. खाली त्यांचं नाव, तारीख, वेळ: चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला आणि पत्त्यापासून सहीपर्यंत सगळं वाचलं. मी वेल्डरच्या ठिणग्यांकडे पाहत होते. ऐकू येईल असा श्वास त्यांनी एकदाच घेतला. फोन परत दिला.

"चला, मॅडम," ते म्हणाले.

चाळकऱ्यांनी मोर्चा आणला, वर्तमानपत्रात फोटो आला, चौकशी बसली. चौकशीच्या खोलीत आम्ही तिघं एका बाजूला होतो: मोठे साहेब, ते आणि मी. चौकशी अधिकाऱ्याने शुद्धिपत्रकाची प्रत पुढे केली.

"ही सही तुमची?"

"नाव माझं आहे. म्हणजे सही माझी."

"त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात."

"होतो."

"मग टोकन कोणाकडे होतं?"

"माझं टोकन माझ्याकडेच असायला पाहिजे, असा नियम आहे ना?"

"मी नियम विचारत नाही. कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे, असं लिहा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?" मोठे साहेब खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या नव्या अकरा महिन्यांची ऑर्डर त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. ते त्याबद्दल मला एक अक्षरही बोलले नव्हते. गरज नव्हती.

"नो, सर," मी म्हणाले. अवघड वेळी माझ्या तोंडून इंग्रजीच निघतं.

ते महिन्याभरात निवृत्त झाले. चौकशी चालू असल्यामुळे निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी वह्या दोन पिशव्यांत भरल्या, शिपायाशी हात मिळवला, आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "अकराचे अर्ज वाचत जा." मला नवी ऑर्डर मिळाली. ती संपल्यावर मी पुढची घेतली नाही. पण तोपर्यंतचे अकरा महिने मी तिथे बसले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचा जन्म. आता तिथेच उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत ते राहतात, अठराव्या मजल्यावर. बाईंनी दार उघडलं. त्यांना डोळ्यांनी आता छान दिसत होतं. मला नावाने ओळखलं आणि आत ओरडून सांगितलं, "अहो, तुमची पोरगी आलीय."

ते फरशीवर बसले होते. समोर डिलाईल रोडची वही. दर रविवारी ते त्या गल्लीत जातात हे मला तेव्हा कळलं. लोकांनी दारापुढे सिमेंटचे बांध घातले होते. पाणी अडवायचे, पण आजींना तो बांध ओलांडता येत नव्हता. त्या आता गावी असतात. ऐकताना मला वाटलं, मी आत्ता बोलले नाही तर मुळीच बोलणार नाही. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. साडेचार, बैठक, शुद्धिपत्रक, टोकन. सगळं, मधलं न गाळता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "टोकन तुझ्याच ड्रॉवरमध्ये होतं की."

"मग तिथे माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू कंत्राटी. तुला एका ओळीत काढून टाकलं असतं आणि फाइल बंद. माझ्या नावावर ती अजून उघडी आहे. उघड्या फाइलला अर्ज जोडता येतो. आतापर्यंत सात जोडलेत."

म्हणजे ते मला वाचवत नव्हते. दोन वर्षं मी ज्या ओझ्याखाली होते, त्यातलं अर्धं मी स्वतःच रचलं होतं. तरी मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "सर, मी तेव्हा तुम्हाला फोन करायला हवा होता."

त्यांनी वही मिटली. रागावलेले नव्हते. हिशोब जुळत नसला की करायचे तसा चेहरा केला.

"फोन राहू दे. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होतो, कदाचित उचललाही नसता. पण सोमवारी मी कामावर आलो, पोरी. टेंडर पुढच्या मंगळवारी उघडणार होतं. शुद्धिपत्रकावर दुसरं शुद्धिपत्रक काढता येतं. आठ दिवस होते आपल्याकडे."

बाई चहा घेऊन आल्या. मी तो कसा प्यायले, आठवत नाही.

लिफ्टमध्ये मी ते दिवस मोजले. शनिवार-रविवार सोडून सहा. त्या सहाही दिवशी आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला होता. गुरुवारी त्यांनी त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि विचारलं होतं, "काय गं, आज गप्प गप्प?"

"काही नाही, सर," मी म्हटलं होतं, आणि जेवत राहिले होते.